शीळ ऐकली, कवी वाचला का?

आमच्या उंद्रीकडे ना. घ. देशपांडे यांचे नाव काढले, की एखादे वडीलधारे माणूस हटकून विचारते, "ते शीळवाले ना?" कौतुक खरेच, पण त्यात कवीवर थोडा अन्याय होतो, असे मला वाटते.

ना. घ. (१९०९–२०००) याच बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकरचे, व्यवसायाने वकील. जी. एन. जोशींनी गायिलेली त्यांची 'शीळ' तबकडीवर आली ती १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. 'शीळ' हा संग्रह मात्र निघाला १९५४ साली. मधली वीसेक वर्षे रसिकांनी ही कविता कानांनीच वाचली, असे म्हणावे लागेल. साहजिकच चाल लक्षात राहिली आणि कवी मागे पडला.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. चाल शब्दांना पंख देते, पण वाचकाला थांबू देत नाही. शीळ म्हणजे शब्दांवाचूनची हाक. ती शब्दांत पकडण्याची किमया गायकाच्या आधी कवीने केली. लय मुळात त्याच्या ओळींतच होती. पुढचा 'अभिसार' (१९६३) किंवा १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारा 'खूणगाठी' उघडला, म्हणजे ना. घ. केवळ गीतकार नव्हते, हे पटते.

वाचकहो, या दिवाळीत फराळ झाल्यावर गाणे अवश्य ऐका. मग तीच कविता घरातल्या लेकीला चालीवाचून मोठ्याने वाचायला सांगा. वाचता वाचता ती डोलू लागली, तर श्रेय कोणाचे, हे तुम्हीच ठरवा.