‘मोहिमेंतील’ रायफलीची अस्सलता

जुन्या कागदांच्या अस्सलतेविषयीं आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर, कागदाची जात, तिथि-वारांचा मेळ, या कसोट्या आतां नवशिक्या संग्राहकालाहि ठाऊक असतात. शस्त्रांच्या बाबतींत मात्र अद्याप सांगोवांगीवरच काम भागविलें जातें. तलवारीविषयीं हें कांहीं अंशीं क्षम्य आहे. कारण पुष्कळ तलवारींवर एकहि अक्षर नसतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी रायफल ही अंगावर ठिकठिकाणीं लेख घेऊनच कारखान्याबाहेर पडलेली असते. लेख समोर असतां तो न वाचणें संशोधकाला शोभत नाहीं.

हा प्रश्न उपस्थित करण्याचें कारण असें. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्ग, मुरुम व उमरगा हा सोलापूर-हैदराबाद रस्त्याजवळचा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराकडून या रस्त्यानें आंत शिरलें व त्यानें पहिल्याच दिवशीं नळदुर्ग घेतलें. त्याच दिवशीं तेथें शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थीं पडले. त्यांना पुढें मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. ज्या भूमीनें हें पाहिलें तेथें जुनी ‘थ्री नॉट थ्री’ दृष्टीस पडली कीं ‘ही रझाकाराची’ किंवा ‘ही पोलीस ॲक्शनमधली’ असें नांव तिला सहज चिकटतें. असें समजूं कीं मुरुमच्या एखाद्या वाड्यांतून अशी रायफल पुढें आली. तिची परीक्षा कशी करावी?

आमच्या मतें येथें तीन प्रश्न एकांत एक मिसळले जातात. रायफल त्या बनावटीची व त्या काळची आहे काय, हा पहिला. तिचे भाग मुळापासून एकत्र आहेत काय, हा दुसरा. ती त्या घटनेंत होती काय, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे तिसऱ्याचेंहि मिळालें, असें मानणें ही या विषयांतील मुख्य चूक होय.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर धातूवरच आहे. दस्ता ज्या लोखंडी कड्यांत बसतो त्याच्या उजव्या अंगास मुकुट, राजाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, वर्ष व नमुन्याचा अंक ठसविलेला असतो. इंग्लंडांतील एन्फील्डच्या रायफलीवर पांचव्या व सहाव्या जॉर्जच्या काळीं ‘जी.आर.’ एवढेंच असे. बंगालमधील इशापूरच्या रायफलीवर ‘जी.आर.आय.’ असे, कारण हिंदुस्थानांत राजा सम्राटहि होता. तीन अंकापुढील तारा १९१६ मध्यें मंजूर झालेल्या सोप्या नमुन्याची खूण आहे. त्यांत मॅगझिन बंद करण्याची पट्टी व दूरच्या सामुदायिक माऱ्याचीं नेमसाधनें गाळलीं होतीं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह व ‘आर.एफ.आय.’ हीं अक्षरें आलीं. तेव्हां ज्या रायफलीवर १९५० नंतरचें वर्ष आहे ती १९४८ च्या रझाकाराची असणें अशक्य होय. तीच गोष्ट १९६० नंतरच्या दशकांत इशापूरनें काढलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या नमुन्याची. तो दुरून जुन्या रायफलीसारखाच दिसतो, परंतु त्याचें मॅगझिन चौकोनी आहे.

दुसऱ्या प्रश्नाविषयीं संग्राहकांत एक नियम रूढ आहे: सांगाडा, नळी, बोल्टची मूठ, नेमपट्टी, तोंडाकडील टोपी व पुढचें लाकूड यांवरील क्रमांक जुळले तर रायफल अस्सल, न जुळले तर ‘जोडकाम’. हा नियम आम्हांस मान्य नाहीं. रायफल ही तिजोरींत ठेवण्याची वस्तु नव्हती. नळी झिजली, लाकूड फुटलें, कीं ती शस्त्रागारांत जाई. तेथें नवा भाग बसे, कधीं जुना क्रमांक खोडून शेजारीं नवा ठसविला जाई, आणि पूर्ण दुरुस्ती झाल्यास ‘एफ.आर.’ व वर्ष असा शेराहि पडे. दप्तरांतील पत्रावर दुसऱ्या हातची दुरुस्ती असली म्हणून आपण तें पत्र बनावट ठरवीत नाहीं; उलट तें वापरांत होतें, याचा तो पुरावा मानतों. येथेंहि तसेंच आहे. पुढच्या लाकडांतून आडवा घातलेला स्क्रू ही इशापूरची प्रसिद्ध मजबुती आहे. खेड्यांतल्या सुताराची करामत नव्हे. नळीवर लाकडासकट तार गुंडाळलेली दिसली तर तीहि बहुधा लष्करीच. रायफलीनें हातबाँब फेकतांना नळी फुटल्यास इजा होऊं नये म्हणून ती गुंडाळीत. आंतून गुळगुळीत, पेच नसलेली .४१० ची नळी आढळल्यास तोहि इशापूरनेंच पोलीस व पहारेकऱ्यांसाठीं केलेला बदल असूं शकतो. अज्ञ मालक नेमक्या याच खुणा ‘खराब’ म्हणून काढून टाकतो आणि अस्सल वस्तूचा इतिहास स्वतःच्या हातानें पुसतो.

उलट सर्व क्रमांक जुळणें हें शंकेचेंहि कारण होऊं शकतें. जुळत्या क्रमांकांना बाजारांत अधिक किंमत येते. म्हणून जुना आंकडा घासून नवा ठोकणारे निघतात. घासलेल्या जागीं धातु किंचित् खोलगट लागतो, आंकड्यांचीं वळणें इतर ठशांशीं जुळत नाहींत, गंजाच्या खड्ड्यांवर नवा काळा मुलामा चढलेला दिसतो, आणि लाकूड धातूच्या कडेपेक्षां खालीं गेलेलें असल्यास तें घोटलें गेल्याचें कळतें. मोडी कागदावर चहाचें पाणी शिंपडून जुनेपणा आणणाऱ्यांचे हे भाऊबंदच होत.

राहिला तिसरा प्रश्न. रायफलीवर ‘जी.आर.आय., इशापूर, १९४२’ असें निर्विवाद आढळलें, तरी ती १९४२ पूर्वीची नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. ती १९४८ मध्यें कोणाच्या खांद्यावर होती हें ती सांगत नाहीं. कारण हें शस्त्र उभय पक्षांचें होतें. हैदराबाद संस्थानची पहिली पायदळ पलटण डिसेंबर १९४१ मध्यें मलायांत कोटा बारू येथें ब्रिटिशांच्या बाजूनें उभी होती; म्हणजे संस्थानी सैन्याचा शस्त्रसंबंध भारतीय सैन्याशींच होता. त्यांतच १९४८ मध्यें सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें कराचीहून हैदराबादेस चोरून शस्त्रें पोंचविलीं. अशा स्थितींत केवळ ठशावरून पक्ष ठरविणें म्हणजे कागदाच्या जातीवरून लेखक ठरविण्यासारखें आहे. जप्तीचा पंचनामा, मालखान्यांतील नोंद किंवा पावती हीच येथें साक्ष. आणि तींतहि रायफलीचा क्रमांक असला पाहिजे. क्रमांक नसलेला कागद व कागद नसलेला क्रमांक, दोन्ही अपुरे.

म्हणून आमची सूचना अशी. वस्तु पुसण्यापूर्वीं प्रत्येक ठशाचें छायाचित्र घ्यावें व नोंद दोन ओळींत वेगळी ठेवावी. पहिलींत ‘इशापूर, १९४२; दुरुस्त; बोल्टचा क्रमांक भिन्न’ असें, जें दिसतें तें; दुसरींत ‘घरच्या परंपरेनें १९४८ च्या मोहिमेशीं संबंध’ असें, जें ऐकलें तें. दुसरी ओळ पहिलींत मिसळूं नये, व पहिलीमुळें दुसरी फेंकूनहि देऊं नये. तसेंच, १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें .३०३ बोअर निषिद्ध वर्गांत मोडतो, हें संग्राहकांनीं विसरूं नये. अशी वस्तु सांपडल्यास ती अधिकाऱ्यांस कळवून रीतसर संग्रहालयाकडे जाईल असें करावें.

या टापूंतील लोकांनीं १९४८ साल सोसलें आहे. त्या स्मृतीची प्रतिष्ठा बनावट खुणेनें वाढत नाहीं. खोटी रायफल भिंतीवर चढली कीं उद्यां ती उघडकीस येते, आणि तिच्याबरोबर खऱ्या साक्षीदाराचा शब्दहि संशयांत सांपडतो. दुरुस्तीच्या खुणा वागविणारी, परंतु आपल्यापुरतें खरें सांगणारी रायफल आम्ही अधिक मोलाची मानूं.