अरंगेत्रमची वस्त्रे आणि रंगविवेक

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांची दाटी आहे. जेथे रंगांची अशी रेलचेल, तेथे कन्येच्या अरंगेत्रमचे वस्त्र निवडणे सोपे असावे, असे कोणासही वाटेल. परंतु निवडीस वाव वाढला म्हणजे विवेक वाढतोच असे नाही.

अरंगेत्रम म्हणजे रंगमंचावरील प्रथम आरोहण. गुरुमुखाने मिळालेली विद्या देवासमोर आणि रसिकांसमोर रुजू करण्याचा तो दिवस. अलीकडे मात्र अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत चार-चार वेळा वेष पालटण्याची हौस दिसते. प्रेक्षकही मग ताल मोजण्याऐवजी वस्त्रे मोजू लागतात! आमच्या मते दोन वेष पुरेत: एक वर्णम् संपेपर्यंत, दुसरा त्यानंतरच्या पदांसाठी.

रंग कोणता, या प्रश्नास नाट्यशास्त्राचा आधार देण्याची प्रथा आहे. भरतमुनींनी शृंगारास श्याम, हास्यास शुभ्र, रौद्रास रक्त, अद्भुतास पीत वर्ण सांगितला, हे खरे. पण एकाच पदात नर्तकी क्षणात राधा होते, क्षणात सखी, क्षणात रुसलेला कृष्ण. रसागणिक वस्त्र कसे पालटणार? तेव्हा ते कोष्टक दुकानाच्या गादीवर उलगडण्यात अर्थ नाही. अनेक रसांना सामावून घेईल असा शांत, भरदार रंग निवडणे हेच शास्त्राच्या आशयास धरून होईल.

व्यवहाराचीही बाजू आहे. बोटांची टोके अळित्याने लाल असतात. चोळीही तशीच लाल घेतली तर छातीसमोरची हस्तमुद्रा तिच्यात विरून जाते. निळ्या प्रकाशात लाल वस्त्र काळवंडते. अर्धमंडलात पायांमधील चुण्यांचा पंखा उघडतो, तेव्हा विरोधी रंगाचा काठच पायांची रेषा दाखवितो. म्हणून कापड दुकानातील दिव्याखाली पसंत न करता, रंगमंचावरील प्रकाशात मुलीच्या अंगावर टाकून पाहावे.

एक गोष्ट आम्हांस विशेष खटकते. "मुलगी सावळी आहे, फिका रंग घ्या, उजळ दिसेल," असे वडीलधारी माणसे तिच्यादेखत बोलतात. ज्या शास्त्राने शृंगाराचा वर्ण श्याम आणि देवता विष्णू मानली, त्याच्या उपासकांनी असे बोलावे? पंढरीच्या सावळ्यापुढे हात जोडायचे आणि घरच्या सावळीस पावडरीने झाकायचे, ही भक्ती कसली? कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, गर्द मोरपंखी हे रंग सावळ्या कांतीवर फार खुलतात. त्या वेळी मुलीच्या मनावर उठलेला ओरखडा मात्र कोणत्याही भरजरी वस्त्राने झाकला जात नाही.

ही कला आपणांस परकीही नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. आचार्य पार्वतीकुमारांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली. कांचीपुरमच्या रेशमातील जरही बहुधा सुरतेहून जाते. सुरतेची जर आणि कांचीचे रेशीम एका काठात नांदतात, तसे वस्त्र नृत्याशी नांदावे. कार्यक्रम संपल्यावर रसिकांस साडीचा रंग आठवला नाही, पण मुद्रा आठवली, तर निवड योग्य झाली असे समजावे.