तीव्र रक्तस्रावानंतरची फुफ्फुस-इजा आणि प्रतिकारक पेशी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. अशा आपत्तीत जखमी ढिगाऱ्याबाहेर आला म्हणजे धोका संपला असे होत नाही. पुष्कळ रक्त गेलेल्या रुग्णाचा रक्तदाब सावरल्यावरही, छातीला मार नसताना, एक-दोन दिवसांत श्वास कोंडू शकतो. १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ व सहकाऱ्यांनी बारा रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले. त्यांत अपघातातील जखमीही होते. या इजेचे खापर प्रतिकारक पेशींवर फोडणाऱ्या रूढ मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मांडणीचे बलस्थान :
रक्तस्रावात ऊतींना प्राणवायू अपुरा पडतो आणि इजा झालेल्या पेशींतील द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए असतो. मायटोकॉन्ड्रियाचे मूळ जीवाणूंत असल्याने शरीर त्यास जंतुसंसर्ग समजते, हे २०१० मध्ये दाखविले गेले. चेतविलेल्या न्यूट्रोफिल पेशी ताठर होऊन फुफ्फुसाच्या अरुंद केशवाहिन्यांत अडकतात. वायुकोशांतील मॅक्रोफेज पेशींचे संकेत आणखी पेशी ओढून आणतात. त्यांच्या इलास्टेजसारख्या विकरांमुळे केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात व वायुकोशांत द्रव साठतो. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार होय.

मांडणीच्या मर्यादा :
तथापि ही उपमा निम्मेच सत्य सांगते. न्यूट्रोफिलची संख्या अत्यंत घटलेल्या रुग्णांतही हा विकार आढळतो. म्हणजे त्याला या पेशी अपरिहार्य नाहीत. इलास्टेज रोखणाऱ्या सिव्हेलेस्टॅट या औषधाने २००४ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत मृत्यू घटविले नाहीत. बराचसा पुरावा उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात, उंदरात मात्र लिम्फोसाइटचे आधिक्य असते. शिवाय याच पेशी जखमेतील जंतूंशी झुंजतात; त्यांना सरसकट नि:शस्त्र करणे धोक्याचे ठरेल.

स्थानिक संदर्भ :
भूकंपसमयी लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २००२ मध्ये सुरू झाले. नांदेड-लातूरच्या खेड्यांतील अपघातग्रस्त किंवा प्रसूतीत रक्तस्राव झालेल्या मातेच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो रुग्णालयापर्यंत पोचण्याचा वेळ. २०१० च्या, वीस हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीत ट्रॅनेक्झामिक आम्ल या स्वस्त औषधाने मृत्यू घटले. मात्र तीन तासांनंतर दिल्यास अपाय संभवतो, असे पुढील विश्लेषणात दिसले. प्रतिकारक पेशींना आवरण्यापेक्षा त्यांना चेतविणारा रक्तस्राव लवकर थांबविणे अधिक साध्य आहे.

निष्कर्ष :
प्रतिकारक पेशी या इजेच्या सहभागी आहेत, एकमेव कर्त्या नव्हेत. अध्यापनात कुंपणाची उपमा जरूर वापरावी. परंतु कुंपण का बिथरले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. उपचाराची दिशा त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.