आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल : विभागरचना आणि वेळापत्रक यांची चिकित्सा
(माथेरान–कर्जत–खालापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडाजीवनाची चर्चा बहुधा पदकांच्या अंगाने होते. कोणत्या महाविद्यालयाने विजेतेपद मिळविले, किती खेळाडू विद्यापीठाच्या संघात निवडले गेले, याचा हिशेब वार्षिक अहवालात येतो. परंतु ज्या चौकटीत हे सामने खेळविले जातात, ती चौकट कोणी व कोणत्या तत्त्वावर आखली, याचा विचार क्वचितच केला जातो. विभागरचना आणि वेळापत्रक या बाबी प्रशासकीय मानल्या जातात. वास्तविक पाहता, लहान गावातील महाविद्यालयाचा संघ वर्षभरात किती सामने खेळेल, कोणाशी खेळेल आणि खेळाडू निवड समितीच्या दृष्टीस पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन बाबींवरच अवलंबून असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुके आणि त्यांच्या माथ्यावरील माथेरान यांच्या संदर्भात या चौकटीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूगोल आणि प्रशासकीय सीमा

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर व उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. इतक्या विस्तीर्ण क्षेत्रातील सर्व महाविद्यालयांना एकाच ठिकाणी खेळविणे अशक्य असल्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी विभागवार व नंतर आंतरविभागीय पातळीवर घेण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत मुळात सोयीची आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो विभागाची सीमा कोठे आखावी हा.

विभाग आखताना जिल्हा हा घटक धरणे कागदावर सोपे असते. परंतु जिल्ह्याची सीमा ही महसुलाची सीमा असते, प्रवासाची नव्हे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये कर्जत व माथेरान यांचे वर्णन ठाणे जिल्ह्याचा भाग म्हणून आलेले आहे. माथेरान प्रकाशात आणणारा ह्यू मॅलेट हा १८५० मध्ये ठाण्याचाच कलेक्टर होता. पुढे हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. कागदावरील सीमा अशा बदलत गेल्या, लोकांच्या ये-जा करण्याचा मार्ग मात्र रेल्वेने ठरविला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नेरळ सुमारे ८६, कर्जत १०० आणि खोपोली ११५ किलोमीटरवर आहे. ही तिन्ही स्थानके कल्याण–अंबरनाथ–बदलापूरच्या उपनगरी मार्गाने जोडलेली आहेत. उलट जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग गाठण्यासाठी खोपोली–पेण मार्गे रस्त्यानेच जावे लागते. महाड, म्हसळा, श्रीवर्धन तर त्याहूनही दूर पडतात. म्हणजेच नकाशावर कर्जतचा शेजारी अलिबाग आहे आणि व्यवहारात बदलापूर. जेथे जिल्हा हाच विभागाचा पाया मानला जातो, तेथे खेळाडूला शेजारी सोडून दूरच्या सोबत्याशी खेळावे लागते.

माथेरानच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. २०११ च्या जनगणनेनुसार अवघी ४,३९३ लोकसंख्या असलेले हे गाव वाहनबंदीसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान परिसर पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. पदवी शिक्षणासाठी कर्जतकडे येणारा येथील विद्यार्थी प्रथम दस्तुरीपर्यंत येतो, तेथून घाट उतरून नेरळ गाठतो आणि मग लोकल पकडतो. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान ही २१ किलोमीटरची छोटी रेल्वे पावसाळ्यात अमन लॉजच्या खाली बंद असते. २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २०१९ मध्ये तिचा मार्ग वाहून गेल्याने ती दीर्घकाळ थांबली होती. २०१९ नंतर नेरळपासूनची गाडी पूर्ववत होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. अशा ठिकाणाहून येणाऱ्या खेळाडूला सकाळी आठ वाजता दूरच्या मैदानावर हजर राहा, असे सांगणाऱ्या परिपत्रकात त्याच्या घराचा विचार झालेला नसतो.

संलग्नता बदलते, तेव्हा मैदानही बदलते

विभागरचनेचा विचार विद्यापीठाच्या आतच थांबत नाही. विद्यापीठांची फेररचना झाली की स्पर्धेची फेररचना आपोआप होते. गोव्यातील महाविद्यालये १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ कार्यान्वित होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे फुटबॉल ज्या भूमीच्या अंगवळणी पडलेला आहे, तेथील विद्यार्थी तोपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या संघनिवडीस पात्र होता. त्यानंतर तो पश्चिम विभागातील प्रतिस्पर्धी झाला. अलीकडच्या काळात २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि २०२० मध्ये एच.एस.एन.सी. विद्यापीठ ही समूह विद्यापीठे स्थापन झाली. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, के.सी., एच.आर. यांसारखी जुनी महाविद्यालये त्यायोगे मुंबई विद्यापीठाच्या चौकटीबाहेर गेली.

रायगडच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे आहे. २०१४ च्या अधिनियमाने या विद्यापीठास राज्यभरातील तंत्रशिक्षण संस्थांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला. परिणामी एकाच तालुक्यातील कला-वाणिज्य महाविद्यालय एका विद्यापीठाच्या स्पर्धेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालय दुसऱ्याच विद्यापीठाच्या स्पर्धेत, अशी स्थिती उद्भवू शकते. एकाच रस्त्यावर असलेले दोन संघ अधिकृत स्पर्धेत एकमेकांसमोर कधीच येणार नाहीत आणि दोघेही प्रतिस्पर्ध्याच्या शोधात शंभर किलोमीटर जातील. ही फेररचना शैक्षणिक कारणांनी झाली व त्या कारणांना आपले महत्त्व आहे. तथापि तिचे क्रीडाविषयक परिणाम कोणी मोजले, याची चर्चा झालेली दिसत नाही.

वेळापत्रकाचा पेच

दुसरा प्रश्न काळाचा आहे. भारतीय विश्वविद्यालय संघातर्फे आंतरविद्यापीठ स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा चार विभागांत होतात आणि प्रत्येक विभागातील अग्रेसर संघ अखिल भारतीय फेरीत जातात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धांचे दारही याच वाटेवर आहे. साहजिकच विद्यापीठाला आपला संघ हिवाळ्यापूर्वी तयार हवा असतो. त्यासाठी महाविद्यालयांचे सामने जुलै ते ऑक्टोबर या काळात उरकावे लागतात.

नेमका हाच काळ कोकणात पावसाचा. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश याच चार महिन्यांत. पायथ्याच्या कर्जत–खालापूर पट्ट्यातही मैदाने चिखलाची होतात. पावसात फुटबॉल खेळणे मुंबई परिसराला नवे नाही. क्रिकेटमध्येही १९४८ पासूनची कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यातच खेळविली जाते. परंतु शहरातील ओल्या मैदानावर लोकलने पोहोचणे आणि दरडीच्या छायेतील घाट उतरून पोहोचणे यांत फरक आहे. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर कोसळलेल्या दरडीनंतर हा फरक कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

यात सत्रपद्धतीची भर पडली. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती लागू झाली. पूर्वी वर्षाअखेर एकदाच होणारी परीक्षा आता वर्षातून दोनदा येते. गणेशोत्सव, अंतर्गत मूल्यमापन, नवरात्र आणि सत्रान्त परीक्षा यांच्या मधल्या फटीत सामने बसवावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने आलेल्या आराखड्यात क्रीडा हा सहशैक्षणिक श्रेयांकाचा विषय झाला, ही स्वागतार्ह बाब आहे. पण श्रेयांक दिल्याने सामना मिळत नाही. सामन्यासाठी कोरा दिवस, खेळण्याजोगे मैदान आणि जवळचा प्रतिस्पर्धी लागतो.

बाद पद्धतीचे गणित

वेळ कमी म्हणून बाद पद्धत, हा आयोजकांचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. मात्र तिची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल १६ महाविद्यालयांचा एक विभाग घेऊ. बाद पद्धतीने १५ सामन्यांत विजेता ठरतो. परंतु ८ संघ एकच सामना खेळून परततात, ४ संघांना दोन सामने मिळतात आणि केवळ अंतिम फेरीतील दोन संघ प्रत्येकी चार सामने खेळतात. भाग्यपत्रिकेत पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ वाट्याला आला, तर कर्जत किंवा खोपोलीच्या एखाद्या महाविद्यालयाचा संपूर्ण हंगाम नव्वद मिनिटांत संपतो. वर्षभर जिमखाना शुल्क भरणाऱ्या आणि सराव करणाऱ्या खेळाडूच्या पदरी एवढेच येते.

याच १६ संघांचे चार गट करून गटांत साखळी पद्धती ठेवली, तर २४ सामने गटांत आणि ३ सामने बाद फेरीत, असे २७ सामने होतात व प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतात. दुसरा पर्याय सहा शेजारी महाविद्यालयांच्या साखळीचा. तिच्यात सामने १५ च होतात, म्हणजे वरील बाद स्पर्धेइतकेच. पण प्रत्येक संघ पाच सामने खेळतो आणि पाच शनिवारांत साखळी पूर्ण होते. संघ विषम असतील तर दर फेरीत एक संघ रिकामा राहतो, ही अडचण आहे. तरीही एका सामन्याच्या हंगामापेक्षा ती निश्चितच सुसह्य आहे.

एक तौलनिक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील लहान महाविद्यालयांपुढे हाच पेच वेगळ्या रूपात उभा आहे. तेथील फुटबॉल हा भिन्न खेळ आहे, हे लक्षात ठेवूनही तुलना उद्बोधक ठरते. १९७३ मध्ये निर्माण झालेल्या तेथील तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही. महाविद्यालये स्वतःच आपले गट निवडतात आणि फुटबॉलच्या नियमित हंगामात संघाला साधारणतः दहा सामने मिळतात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे सदस्य बोस्टन परिसरापासून सेंट लुईसपर्यंत विखुरलेले होते. शैक्षणिक दर्जा समान, पण अंतरे प्रचंड आणि फुटबॉल खेळणारे सदस्य मोजके. अखेर २०१४ मध्ये कार्नेगी मेलन व केस वेस्टर्न, २०१७ मध्ये शिकागो आणि २०१८ मध्ये सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी केवळ फुटबॉलपुरते आपापल्या जवळच्या गटांत सदस्यत्व घेतले. इतर खेळांसाठी मूळ गट कायम राहिला.

दुसरे उदाहरण मिनेसोटाचे. तेथील सेंट थॉमस संघाने २०१७ मध्ये सेंट ओलाफवर ९७–० असा विजय मिळविला. बळातील ही दरी असह्य होऊन २०१९ मध्ये गटाने सेंट थॉमसला बाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ मध्ये ते महाविद्यालय थेट पहिल्या श्रेणीत गेले. या उपायातील कठोरपणा टीकेस पात्र आहे. मात्र दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते : गट हा अंतर आणि बळ या दोन्हींचा तोल साधणारा असावा लागतो आणि सर्व खेळांसाठी एकच नकाशा पुरेसा नसतो.

आपल्याकडे गट निवडण्याचे स्वातंत्र्य महाविद्यालयाला नाही. त्यामुळे गटबाजीचा व पैशाचा जो खेळ तेथे चालतो, तो येथे टळतो, हा लाभच आहे. परंतु निवडीचे स्वातंत्र्य नसताना रचना करणाऱ्याची जबाबदारी वाढते, हे विसरता येत नाही.

पर्यायांचा विचार

विद्यापीठाची संघनिवड आणि महाविद्यालयांचा हंगाम या दोन बाबी आज एकाच स्पर्धेवर लादल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या करता येतील. निवडस्पर्धा सध्याप्रमाणे पहिल्या सत्रात व्हावी. त्याखेरीज जानेवारी–फेब्रुवारीत मैदाने कोरडी असताना नेरळ, कर्जत, खोपोली, बदलापूर या रेल्वेमार्गावरील महाविद्यालयांची साखळी घ्यावी. या साखळीतील कामगिरी पुढील वर्षाच्या निवडीत विचारात घेतली, तर प्रथम व द्वितीय वर्षाच्या खेळाडूंना तिचा लाभ होईल. तृतीय वर्षाच्या खेळाडूला निवडीचा लाभ मिळणार नाही, ही या सूचनेची उघड मर्यादा आहे. त्याला सामने मात्र मिळतील. अशा साखळीत लोणेरे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना निमंत्रित करण्यासही तत्त्वतः अडचण नसावी, कारण ती निवडस्पर्धा नसेल. खर्चाचा आक्षेप येईल. परंतु लोकलच्या अंतरावरील पाच सामन्यांचा प्रवास हा दूरच्या तालुक्यातील एका मुक्कामी सामन्यापेक्षा महाग पडेलच, असे नाही.

निष्कर्ष

१. विभागाची सीमा जिल्ह्यापेक्षा प्रवासाच्या वेळेवर आधारावी. कर्जत–खालापूर पट्ट्याचा नैसर्गिक विभाग रेल्वेमार्गाने ठरतो.

२. विभागरचना खेळागणिक वेगळी असू शकते. मैदानी सांघिक खेळ आणि बुद्धिबळ यांना एकच नकाशा लागू करण्याचे कारण नाही.

३. विद्यापीठांची फेररचना करताना तिच्या क्रीडाविषयक परिणामांचाही विचार व्हावा.

४. स्पर्धेचे मूल्यमापन विजेत्यावरून न करता सर्वांत कमी सामने मिळालेल्या संघावरून करावे.

यांतील चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तम संघ कोणत्याही चौकटीत वर येतो. चौकटीची खरी कसोटी लागते ती पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघापाशी. माथेरानचा घाट उतरून आलेल्या खेळाडूला हरल्यानंतर पुढच्या शनिवारी पुन्हा खेळण्याची संधी देणारी व्यवस्था हीच शैक्षणिक व्यवस्था म्हणविण्यास पात्र ठरेल.