तोंड आणि आतडे : एका वैद्यकीय विभाजनाची चिकित्सा

प्रस्तावना :
नागपूरच्या धंतोली परिसरात खासगी रुग्णालये व दवाखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत. दातांना तारा बसविणाऱ्या तज्ज्ञाच्या पाटीपासून पोटविकारतज्ज्ञाची पाटी फार दूर नसते. तथापि, विशेषीकरणाने या दोन पाट्यांमध्ये निर्माण केलेले अंतर रुग्णालाच आपली फाइल घेऊन कापावे लागते. दाहक आंत्रविकाराच्या रुग्णांवरील ऑर्थोडॉन्टिक उपचार हे त्याचे बोलके उदाहरण होय.

विवेचन :
क्रोन्स व अल्सरेटिव्ह कोलायटिस हे विकार पुष्कळदा पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात प्रकट होतात. तारा बसविण्याचे वयही बहुधा तेच. क्रोन्सच्या काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, तोंडातील व्रण अथवा ओठांची सूज आतड्याच्या लक्षणांआधी दिसू शकते. असा व्रण तारेच्या घर्षणाचा समजून मेण लावून दिले, तर मूळ रोगाचे निदान लांबते.

औषधांचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे हाडांची घनता घटते. त्यासाठी दिलेल्या बिस्फॉस्फोनेटमुळे दातांची हालचाल मंदावते. तार आवळल्यावर सहज घेतली जाणारी आयबुप्रोफेनची गोळी आंत्रविकार बळावण्यास कारण ठरू शकते. पॅरासिटॅमॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय होय. शिवाय क्रोन्समुळे मुलांची वाढ खुंटू शकते. जबड्याच्या वाढीचा अंदाज घेण्यासाठी उंची व मनगटाचा एक्स-रे पाहणाऱ्या दंततज्ज्ञालाही ही खूण दिसू शकते.

बी.डी.एस.च्या तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक हा विषय शिकविला जातो. त्यामुळे येथे दोष अज्ञानाचा नसून पद्धतीचा आहे. मधुमेह व रक्तदाब यांची नोंद घेणारा केसपेपर 'वारंवार जुलाब होतात काय, वजन घटले काय' असे विचारीत नसेल, तर ते शिक्षण व्यर्थच म्हणावे लागेल. अशा रुग्णास तारा नाकारणे हाही न्याय्य मार्ग नव्हे. रोग शांत असताना, सौम्य बल वापरून व पोटविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने उपचार करता येतात.

निष्कर्ष :
नागपुरातील शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या आवारातच आहे. तेथे संयुक्त तपासणीचा पाठ विद्यार्थ्यांना देता येण्यासारखा आहे. धंतोलीत तर दोन तज्ज्ञांमधील एका पानाच्या पत्रानेही पुष्कळ साधेल. तोंड हे अन्नमार्गाचेच पहिले दार आहे, याचे स्मरण उपचारपद्धतीत उतरणे अगत्याचे आहे.