‘स्त्रीधर्मनीति’ : उपदेश आणि उपदेशक

आरोग्य, धर्म आणि गृहस्थाश्रम या विषयांवर सामान्य वाचकाला मार्गदर्शन करणाऱ्या मराठी ग्रंथांचा वर्ग संख्येने लहान नाही. तथापि वाङ्मयेतिहासाने त्याची बोळवण बहुधा ‘उपयुक्त वाङ्मय’ या दोन शब्दांत केली आहे. कादंबरीच्या उदयाविषयी पुष्कळ लिहिले गेले. आजारी मूल, रुसलेली सासू, व्रतवैकल्ये आणि महिन्याचा खर्च यांच्यामध्ये उभ्या असलेल्या स्त्रीने पुस्तक उघडले, तर तिला तेथे कोणता आवाज ऐकू येई, याचा विचार मात्र अभावानेच झालेला दिसतो. वस्तुतः समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न मोलाचा आहे. कारण उपदेशग्रंथात लेखक आणि वाचक यांचे नाते जितके उघडे असते तितके ते अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात नसते. पंडिता रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा १८८२ साली पुण्यात सिद्ध झालेला ग्रंथ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. ग्रंथाचे गुण फार मोठे आहेत असे नव्हे; किंबहुना रमाबाईंच्या लेखनात तो सर्वांत दुबळा म्हणावा लागेल. परंतु त्याचे दुबळेपण कोठून आले याचा शोध घेतला असता उपदेशग्रंथ या प्रकाराचीच घडण उलगडते.

ग्रंथ लिहिला गेला त्या वेळची लेखिकेची परिस्थिती प्रथम लक्षात घेतली पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्यापायी पंडितमंडळींचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी रमाबाईंचा गौरव झाला. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे लेखन आणि हंटर आयोगापुढील साक्ष या तिन्ही गोष्टी त्या एकाच वर्षाच्या आहेत.

स्वतःच्या निवडीने जातीबाहेर विवाह केलेली, चोविसाव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन न केलेली आणि पुरुषांच्या सभेत शास्त्रार्थ करणारी ही स्त्री गृहिणींसाठी मार्गदर्शनपर ग्रंथ लिहावयास बसते, तेव्हा तिच्यापाशी सांगण्यासारखे किती असेल! ग्रंथात मात्र ते जवळजवळ नाही. विद्या, मर्यादा, धर्म, पतीशी वर्तन, गृहकृत्ये, अपत्यसंगोपन अशा क्रमाने विवेचन पुढे जाते. गृहीत धरलेली वाचक सौभाग्यवती गृहिणी आहे, आदर्श सीता-सावित्रीचे आहेत, आधार मनूचे आणि महाभारताचे आहेत. वाक्यरचना मुख्यतः विध्यर्थी आहे : असे करावे, असे करू नये. स्त्रियांच्या हीन अवस्थेचे कारण स्त्रियांचेच अज्ञान आणि आळस, असा सूर प्रारंभापासून लागतो आणि क्वचितच सुटतो. वाचक स्त्री जणू अपराधी म्हणून समोर बसविलेली आहे.

हे खरे असले तरी ग्रंथाच्या पोटात काही निराळेही आहे. विवाह जाणत्या वयात आणि परस्परांच्या निवडीने व्हावा, असे प्रतिपादन रमाबाई स्वयंवराच्या प्राचीन प्रथेचा आधार घेऊन करतात. पतिपत्नींमध्ये स्नेह असावा, स्त्रीने स्वतःच्या उन्नतीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, उद्योग आणि स्वावलंबन हाच पाया होय, हे त्या ठासून सांगतात. ही मते त्या काळच्या पुण्यात सौम्य मुळीच नव्हती. मात्र ती मांडताना लेखिका स्वतःच्या विवाहाचा दाखला देत नाही. दमयंतीला पुढे करते. प्रत्यक्ष अनुभव पुराणाच्या पदराआड ठेवण्याची ही रीत केवळ भीतीपोटी आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या व्यक्तीला उपदेशाची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. पुराण सांगणारा व्यासपीठावर बसतो, स्वतःच्या घरची गोष्ट काढीत नाही, श्रोत्याने प्रश्न विचारावा अशी अपेक्षाही ठेवीत नाही. ‘स्त्रीधर्मनीति’चे संस्कृतप्रचुर मराठी त्या व्यासपीठावरून आलेले आहे. लेखिकेचे बालपण महाराष्ट्राबाहेर गेले, ही गोष्ट भाषेच्या जडपणाचे कारण म्हणून पुढे करता येईल. परंतु त्याच लेखणीतून वर्षभरातच ‘इंग्लंडचा प्रवास’ हे मोकळे, पाहिलेले जसेच्या तसे सांगणारे पत्र उतरले, हे ध्यानात घेतल्यास दोष भाषेवरील प्रभुत्वाचा नसून स्वीकारलेल्या प्रकाराचा होता, हे मान्य करावे लागते.

स्त्रीधर्माच्या उपदेशाची परंपरा, अर्थात, पुण्याहून पुष्कळ जुनी आणि विस्तृत आहे. तंजावरच्या मराठी राजसत्तेच्या आश्रयाने अठराव्या शतकात त्र्यंबकयज्वा याने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंत स्त्रीच्या दिवसाची आखणी त्यात आहे. त्या ग्रंथाशी ‘स्त्रीधर्मनीति’ ताडून पाहिली असता स्त्रीने शिकावे हा रमाबाईंचा आग्रह केवढा मोठा पालट होता हे उमगते. मात्र सांगणारा आणि ऐकणारी यांतील अंतर दोन्हीकडे सारखेच राहते, इतकेच नव्हे तर सांगणारी स्त्री असूनही राहते.

आरोग्याच्या प्रश्नावर हे अंतर सर्वांत अधिक खटकते, आणि येथेच रमाबाई स्वतःच स्वतःच्या ग्रंथाच्या सर्वोत्तम टीकाकार ठरतात. अपत्यसंगोपनाचा भार ग्रंथात मातेच्या ज्ञानावर आणि दक्षतेवर टाकलेला आहे. माता सुजाण झाली की संतती सुदृढ होईल, असा हा विचारक्रम. परंतु १८८२ च्या सप्टेंबरात हंटर आयोगापुढे बोलताना रमाबाईंनी दाखविलेले कारण वेगळे होते. पुरुष वैद्यापुढे आपली दुखणी उघड करण्यास स्त्रिया धजत नाहीत आणि त्यापायी लाखो स्त्रिया अकाली मरतात. सबब स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळण्याची सोय व्हावी, अशी मागणी त्यांनी केली. देशातील सुशिक्षित पुरुषांपैकी बहुतेक सर्व स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत आणि स्त्रीचा राईएवढा दोष ते पर्वताएवढा करतात, असेही त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. शहर एक, वर्ष एक, व्यक्ती एक. ग्रंथात स्त्रीचे अज्ञान दोषी. साक्षीत पुरुषाचा विरोध आणि स्त्रीवैद्यांचा अभाव दोषी. आयोगाने प्रश्न विचारले होते आणि रमाबाईंना उत्तरे द्यावयाची होती. ग्रंथ लिहिताना समोर कोणी प्रश्न विचारणारे नव्हते.

ही साक्ष निराधार नव्हती याचा दाखला पुण्याच्याच एका घरात आहे. १८६५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले. त्या वेळी त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्यांचा वैद्यकीकडे ओढा झाला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. नात्याने दूरच्या असलेल्या रमाबाई त्या समारंभास उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे आधार प्राचीनच, परंतु तो आज्ञा म्हणून नव्हे, तपासण्याची सामग्री म्हणून घेतलेला. सुजाण मातेला मूल वाचविता येते, या ग्रंथोक्त विधानाला आनंदीबाईंच्या चरित्राचे उत्तर कडू आहे. पदवी घेऊन परतलेली ही वैद्य २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच क्षयाने वारली.

‘स्त्रीधर्मनीति’ निघाली त्याच १८८२ साली पुण्यातील श्रीशिवाजी छापखान्यातून दुसरे एक पुस्तक बाहेर पडले : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ मध्ये चाललेला बालहत्येचा खटला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर ओढलेले कोरडे हे त्याचे निमित्त. ताराबाई उपदेश करीत नाहीत. उपदेशकाला उभे करून जाब विचारतात. पातिव्रत्याचे नियम स्त्रीलाच का, पती दुर्वर्तनी असता धर्म कोठे जातो, स्त्रीच्या अंगी चिकटविलेले दोष पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सरळ पवित्रा आहे. भाषा घरगुती, तिखट, कोठे कोठे पसरट. ग्रंथाची बांधणी म्हणावी तर नाहीच. तरीही वाचक स्त्रीच्या बाजूने पाहिले तर १८८२ चे खरे मार्गदर्शन या पुस्तकात होते, असे म्हणणे भाग आहे. घरातील दुःखाचे कारण तुझ्यातच आहे, असे रमाबाईंचा ग्रंथ सांगतो. ते एकट्या तुझ्यात नाही, असे ताराबाईंचे पुस्तक सांगते. दोन्ही लेखिकांची बाजू घेऊन जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहिले. त्यानंतर ताराबाईंचे पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत तसेच राहिले.

‘स्त्रीधर्मनीति’चे भाग्य वेगळे होते. पुस्तक खपले. त्याच्या विक्रीच्या उत्पन्नातून रमाबाईंच्या इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला, आणि १८८३ मध्ये त्या मनोरमेसह निघाल्या. मर्यादा, पतिसेवा आणि गृहकृत्ये शिकविणाऱ्या ग्रंथाच्या पैशाने त्याची लेखिका समुद्र ओलांडून गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यातील सुधारक आणि सनातनी अशा दोन्ही पक्षांना हा धक्का होता, आणि अनेकांनी यात कृतघ्नता पाहिली. परंतु ग्रंथातील धर्मविषयक विवेचन शांतपणे वाचणारास इतके आश्चर्य वाटावयाचे कारण नाही. तेथे धर्म नीतीच्या रूपाने येतो. त्यात ज्याची लेखिकेला तहान होती ते सांत्वन नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, कलकत्त्यास धर्मशास्त्रे वाचताना स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयीच्या त्यांतील वचनांनी आपला विश्वास डळमळला. उत्तरायुष्यात लिहिलेल्या या कथनात पुढील श्रद्धेचा रंग मिसळला असेल, हे सोडून दिले तरी एवढे उरतेच की, ज्या आधारांवरून ‘स्त्रीधर्मनीति’ दुसऱ्यांना वाट दाखविते त्यांवर दाखविणारीचे मन स्थिर नव्हते. या अस्थैर्याचा मागमूस ग्रंथात लागू दिलेला नाही. एका वाक्यापुरता जरी तो आला असता, तरी पुण्यातील कितीतरी वाचक स्त्रियांना आपल्या मनातील शंकेला सोबत मिळाली असती.

मराठी मार्गदर्शनपर लेखनात वाचकाच्या शंकेला हक्काची जागा मिळण्यास पुढे चार दशकांहून अधिक काळ लागला, आणि योगायोग असा की त्या घटनेचा धागाही रमाबाईंपर्यंत पोहोचतो. १८९० मध्ये पुण्यास आलेल्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांचे पहिल्या पत्नीपासूनचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हा ग्रंथ लिहिला आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्या मासिकातील वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे हा मराठी गद्याचा अगदी नवा विभाग होय. विचारणारा लाजत लाजत विचारतो. उत्तर देणारा गणिताच्या शिक्षकाला साजेशा कोरडेपणाने दोन ओळींत सांगतो आणि विचारणाऱ्याला दोष देत नाही. हा कोरडेपणा कित्येकदा रुक्षतेच्या सीमेवर जातो, आणि श्रद्धा हा ज्यांच्या जीवनाचा आधार आहे त्यांच्याविषयी रघुनाथरावांना कणव नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. समाजाला टोचली ती मात्र ही प्रश्नोत्तरेच. १९३४ च्या खटल्यात आक्षेपाचा विषय वाचकांना दिलेली उत्तरे हा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रघुनाथरावांच्या बाजूने वकिली केली. तरीही दंड झाला.

‘स्त्रीधर्मनीति’चा विषय रमाबाईंनी पुढे एकदा पुन्हा हाती घेतला. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात बालपण, वैवाहिक जीवन, धर्मातील आणि समाजातील स्थान, वैधव्य अशी प्रकरणे येतात आणि शेवटी मदतीची याचना येते. विषय बहुतांशी तोच. विध्यर्थ मात्र गेला आहे. स्त्रीने काय करावे याच्या जागी स्त्रीचे काय होते हे सांगितले आहे, मनूचीही उलटतपासणी झाली आहे, आणि आईचे नाव अर्पणपत्रिकेत आहे. ग्रंथाची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांची. हा ग्रंथ अमेरिकन वाचकासाठी होता; विधवांच्या शाळेसाठी द्रव्य तिकडूनच यावयाचे होते, आणि त्यातूनच १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुण्यातील ज्या गृहिणीला उद्देशून १८८२ मध्ये लेखणी उचलली गेली, तिच्या कपाटात मराठीतला उपदेश राहिला. तिच्या जीवनाचे वर्णन परभाषेत गेले.