भुयारी स्थानकांतील प्राचीन अवशेष : तीन रचनांचें परीक्षण

जुन्या नगरींत भुयारी रेल्वेचें स्थानक बांधणें म्हणजे त्या नगरीच्या मूळ दप्तरांत हात घालणें होय. बोगदा खोलांतून निघून जातो. स्थानकासाठीं मात्र पुष्कळदां पृष्ठभागापासून तळापर्यंत सारे थर उपसावे लागतात. म्हणून वास्तुविशारदानें प्रवाशांची सोय कशी केली एवढेंच न पाहतां, उपसलेल्या पुराव्याची व्यवस्था कशी लाविली, हेंही आम्हीं पाहिलें पाहिजे.

अथेन्सचें सिंटाग्मा स्थानक जानेवारी २००० मध्यें सुरू झालें. खोदकामांत थडगीं, जुना रस्ता, स्नानगृहाचे अवशेष व मातीचे जलनळ सांपडले. स्थानकांत काचेआड भूस्तरांचा उभा छेद दाखविला आहे. वरचा थर अलीकडचा व खालचा प्राचीन, हें घाईंत असलेल्या प्रवाशासही एका दृष्टिक्षेपांत उमगतें.

रोमच्या सान जोव्हान्नी स्थानकानें (१२ मे २०१८) हेंच सूत्र अधिक विस्तारलें. खालीं उतरतांना भिंतींवर खोली व काळ यांचे निर्देश भेटतात. प्रवासी वर्तमानांतून प्रागैतिहासिक काळाकडे उतरतो. येथें रोमन काळांतील शेतवाडी व विस्तीर्ण जलाशय उघडकीस आला. पीच फळांच्या कोयाही मिळाल्या. वस्तु कपाटांत आहेत खऱ्या, पण त्यांची अनुक्रमणिका वास्तु स्वतःच झाली आहे. आमच्या मतें तिहींत ही रचना श्रेष्ठ होय.

थेस्सालोनिकीच्या व्हेनिझेलू स्थानकाचा प्रश्न निराळा व बिकट आहे. तेथें नगरीचा संगमरवरी राजमार्ग, त्याच्या कडेच्या बांधकामांसह, मिळाला. २०१३ च्या सुमारास तो अन्यत्र हलविण्याचा बेत होता. विद्वानांनीं व नागरिकांनीं विरोध केल्यावर जागींच राखण्याचें ठरलें. २०१९ सालीं निर्णय पुन्हां फिरला : अवशेष उचलावे, काम करावें व मग तेथेंच परत बसवावे. २०२१ मध्यें सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें आक्षेप फेटाळले, आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं रेल्वे सुरू झाली. आतां तो मार्ग फलाटांच्या वरच्या मजल्यावर पहावयास मिळतो.

समर्थक म्हणतात, दगड तेच, जागा तीच. मग हानि कोणती? देवालयाच्या जीर्णोद्धारास हा न्याय पुरेसा आहे, कारण तेथें पूजा अखंड चालणें हेंच प्रयोजन. पुराव्यास तो पुरत नाहीं. रुमाल सोडून पानें सुटीं केलीं व क्रमानें पुन्हां बांधलीं, तरी मूळ गांठ, पानांमधील धूळ व चुकून राहिलेली चिठ्ठी यांची साक्ष गेली ती गेलीच. दोन दगडांमधील मातीचेंही तसेंच. यापुढें त्या मार्गाचा खरा आधार म्हणजे उचलण्यापूर्वीचीं मोजमापें व नोंदी. दगड हे त्यांचें चित्र होत.

तथापि रेल्वे नको होती, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रामाणिक लेखक नक्कल करून पुष्पिकेंत मूळ प्रतीचा निर्देश करतो. त्यानें नकलेचें मोल घटत नाहीं, उलट वाढतें. अशा प्रत्येक स्थानकांत कोणता भाग मूळचा अढळ, कोणता उचलून बसविलेला व कोणता नवा, हें अवशेषांजवळच स्पष्ट कोरलेलें असावें. आणि ही जागा नकाशांत आरंभींच राखलेली असावी, मागाहून चिकटविलेली नसावी. सुंदर चित्रासाठीं पोथीचें पान कापून घेणाऱ्या संग्राहकानेंही हाच दंडक आधीं स्वतःस लावून पहावा. इत्यलम्.